खुंटीवर वाढलेली माळ

अणदूर,
बुधवार, दिवाळी सरून पंधरा दिवस झाले.

चि. वृषालीस सिताबाईचा आशीर्वाद. घ्यायचा का नाही ते तुझ्यावर. इकडं सगळी हातीपायी धड आहेत. तुम्ही मायलेकी धड असाव्यात एवढं खंडोबाजवळ मागून लिहायला बसले आहे.

तर आधी आली ती नीलव्वा. गुरुलिंग जीपवाल्याची बायको, तुझ्या लक्षात असंल, दातांना मिश्री अन् पायाला भिंगरी. काल सकाळी मी अंगणात वाळत टाकलेल्या सोयाबीनवरनं कोंबड्या हाकलत होते, तर ही धापा टाकीत दारात. म्हणली, "सिताबाई, ष्टँडवर एक पोरगी तुमचं घर इचारतीया. संगं चष्म्याची बाई हाय, हातात बर्फाची पेटी. अन् पोरगी चालती कशी सांगू? डावा खांदा फुडं टाकून. तुमचा रामहरीच चालतोय की काय वाटलं, ह्यो बघा काटा." तिनं हात पुढं केला. खरंच काटा होता.

मी म्हणलं, "गप गं, सकाळसकाळी." पण माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

तर दारात सृष्टी उभी! तुझी सृष्टी. आमची पण म्हणू का? चौदा महिन्यांची होती तवा मांडीवरनं उठून गेली, आता माझ्यापरीस वीतभर उंच. पाया पडली. मी तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं अन् बघतच राहिले. हनुवटी तुझी आहे. बाकी सगळा रामहरी. हसली की एक गाल आधी हसतो, दुसरा मागनं येतो, तसंच. बाई गं, मला कुठं ठेवू अन् कुठं नको असं झालं. कोंबड्यांनी सोयाबीन खाल्लं तर खाल्लं.

ती तुला न सांगता आली होती. तिला रागावू नको. आल्या आल्या म्हणाली, "आजी, काळजी करू नका, मी रविवारी परत येणार आहे, आज घाईत आले." मला तुम्ही म्हणते. परक्या बाईला म्हणावं तसं. पण गोड म्हणते.

संगं तिच्या कॉलेजातल्या ज्ञानेश्वरी मॅडम. वयानं लहान आहेत, पण समजूतदार. भाकरी केली, शेंगाचटणी, वांगं. सृष्टीनं दोन भाकरी खाल्ल्या अन् तिसरी अर्धी. मॅडमनी चटणीची कृती विचारली, ती मी सांगितली, ती सांगताना माझ्या मावशीची गोष्ट निघाली, ती येरमाळ्याला दिली होती ती, तिचा नवरा नुसत्या चटणीवर तीन भाकऱ्या खायचा. सगळी हसली. नीलव्वा तर जेवून आलेली असून परत जेवली. एवढं हसू ह्या घरात एकोणीस वर्षांत झालं नव्हतं.

हे मी आधी लिहिते आहे कारण मला हेच लिहायला बरं वाटतं. पुढचं लिहायला बरं वाटत नाही. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, अन् मग म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात चार महिने. हे कुणाकडनं लिहून घेण्यासारखं असतं तर तुझ्या दिराच्या, बिभीषणच्या लेकाला सांगितलं असतं. त्यानं टकाटका लिहिलं असतं. पण हे माझं मलाच लिहायला पाहिजे. चुका होतील. त्या कागदावरच्या.

तिच्या डोळ्यांच्या कडेला पिवळं होतं. मी दारातच बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

जेवणं झाल्यावर मॅडमनी सांगितलं, "आजी, सृष्टीची पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढायची ठरतेय. तिच्या रक्तातल्या लाल पेशी लवकर फुटतात म्हणून तिला सारखी कावीळ होते. हा आजार वारशानं येतो. तिच्या आईचं रक्त चांगलं निघालं. म्हणजे वडलांकडनं. वडील नाहीत, म्हणून तुमचं रक्त पाहिजे." म्हणजे तुझं रक्त त्यांनी आधीच तपासलं होतं, वृषाली. तुझ्या रक्तात काही खोट नाही. हे वाक्य कानावर पडलं तवा नीलव्वा माझ्याकडं बघत होती, अन् मी ताटाकडं.

रक्त सृष्टीनंच काढलं. माझी शीर काही केल्या घावंना. "आजी, हात सैल सोडा." "सैलच हाय की गं." "मूठ आवळलीय तुम्ही." आवळलीच होती. शेवटी घावली. निम्मं रक्त बर्फाच्या पेटीत गेलं, खरी तपासणी लातूरला. पण मॅडम म्हणाल्या, नुसतं रक्त काढून पळालो असं व्हायला नको, आजींना इथंच दाखवू. त्यांनी ओट्यावर काचेच्या नळ्यांचे तीन खण मांडले. एका खणात सहा नळ्या. पहिल्या नळीत रक्ताइतकं खारट पाणी, दुसरीत मीठ जरा कमी, तिसरीत आणखी कमी, असं करत शेवटी निव्वळ पाणी. एका खणात मॅडमच्या रक्ताचे थेंब, एकात सृष्टीच्या, एकात माझ्या. मग अर्धा तास थांबायचं.

त्या अर्ध्या तासात माझ्या नातीनं मला शिकवलं. मी तिला म्हणलं, मला दगडाला काय शिकवतीस, तर म्हणाली, "भाकरी करता ना, मग कळेल."

म्हणे रक्ताच्या थेंबात लाखांनी पेशी असतात, अन् प्रत्येक पेशीला कातडं असतं. त्याला पेशीपटल म्हणायचं. पटल म्हणजे पडदा, मी त्याला पापुद्राच म्हणते. तो पापुद्रा दोन पदरी. चरबीचे बारीक कण शेजारी शेजारी उभे, एकेकाला एक डोकं अन् दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला खपत नाही. म्हणून बाहेरच्या पदरानं डोकी बाहेर केली, आतल्यानं आत, अन् शेपट्या मधे झाकून घेतल्या. मी म्हणलं, "म्हणजे भांडलेल्या जावा पाठीला पाठ लावून निजतात तसं." ती इतकी हसली, इतकी हसली. मॅडमला म्हणाली, परीक्षेत हेच लिहिते.

त्या पापुद्र्यात जागोजाग दारं. मिठाचं दार निराळं, साखरेचं निराळं, पाण्याचं निराळं. नको ते आत येत नाही, हवं ते बाहेर सांडत नाही. मी विचारलं, "दारावर बसतं कोण?" म्हणाली, "कोणी नाही आजी, दारालाच कळतं कुणाला घ्यायचं." नीलव्वा म्हणली, "आमच्या दाराला कळलं असतं तर जावई आत आला नसता." झालं, परत हसू.

अन् पापुद्र्याच्या आतल्या अंगानं एक जाळी असते. तिच्यावर पापुद्रा धरून असतो. चांगली पेशी मधे अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारखी चपटी. कातडं ऐसपैस. पाणी आत शिरलं तर फुगायला जागा आहे. "आपल्या घराण्यात ती जाळी कच्ची आहे," सृष्टी म्हणाली. 'आपल्या' म्हणाली. मी त्या शब्दावरच अडकले, पुढचं तिला परत सांगावं लागलं. जाळी कच्ची, म्हणून पापुद्र्याचे कण गळत जातात, कातडं अपुरं पडतं, अन् पेशी गोळीसारखी गोल होते. तव्यावरची भाकरी आधीच टम्म फुगलेली, तिला आणखी वाफ दिली तर ती फाटणारच. पाणथरीत बारीक फटी असतात. चपटी पेशी दुमडून पार होते, गोल अडकते, तिथंच मोडते. मोडलेल्या पेशीचं पिवळं डोळ्यात उतरतं. ती कावीळ.

म्हणजे काविळीचा अन् काळजाचा, पित्ताचा, दृष्टीचा, हळदीचा, कशाचा संबंध नाही. निदान आमच्या घरातल्या काविळीचा नाही. हे मी ऐकत होते अन् मान हलवत होते, अन् माझ्या पाठीमागं दाराच्या खुंटीला घेटुळीच्या मुळ्यांची जुडी टांगलेली होती. काविळीच्या माळेसाठी आणलेली. सृष्टीचं तिकडं लक्ष गेलं का नाही, ठाऊक नाही.

अर्धा तास झाला. मॅडमनी नळ्यांच्या मागं वर्तमानपत्र धरलं. ज्या नळीत पेशी शाबूत, तिथलं पाणी गढूळ लाल, मागचं अक्षर दिसत नाही. जिथं फुटल्या, तिथं शरबतासारखं आरपार, अक्षर दिसतं. मॅडमच्या खणात शेवटच्या दोन नळ्यांतच अक्षर दिसलं. सृष्टीच्या खणात चार नळ्यांत. मग माझा खण. मी आपली एकेक नळी बघत गेले, अन् तिसऱ्या नळीपासनं मला अक्षर लागलं. "बा... जा... र." बाजारभाव! मी वाचलं! सृष्टीच्या खणासारखंच, त्याच नळीपासनं!

वृषाली, मी टाळ्या वाजवल्या. लाज वाटते लिहायला. म्या लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या अन् म्हणलं, "बघ, माझंच रक्त! माझीच हाय ही!" सृष्टी माझ्या गळ्यात पडली अन् म्हणाली, "आजी, तू माझीच गं." तू म्हणाली. तिच्या केसांना रामहरीच्या डोक्याचा वास होता का मला तसं वाटलं, देव जाणे. त्या घटकेला मेले असते तर बरं झालं असतं. खरं सांगते.

कारण मग मॅडम बोलल्या. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे आजी, हा तुमच्याकडनं रामहरींना आला, अन् त्यांच्याकडनं हिला. आता एक नीट आठवून सांगा, डॉक्टरांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. ते गेले तेव्हा शेवटचे दिवस पिवळे होते का पांढरे? कारण ह्या आजारात कधी साधा ताप येतो अन् अंगात नवं रक्त बनायचंच थांबतं. मग फुटायला पेशीच उरत नाहीत. पिवळं ओसरतं, घरच्यांना वाटतं बरा झाला. अन् माणूस पांढरा पडत पडत जातो. त्याला तातडीनं रक्त चढवावं लागतं. हिच्या वडलांना तसं झालं असेल, तर हिला फार जपलं पाहिजे."

सृष्टी वही काढून बसली. पेन उघडला. "आजी, सांग ना. आई काहीच सांगत नाही. विचारलं की उठून जाते."

तू एकोणीस वर्षं लेकराला माझ्याविषयी काही सांगितलं नाहीस. मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, शिव्या देत असशील.

अन् म्या काय सांगितलं? म्या सांगितलं, "पिवळाच होता. शेवटपातुर पिवळाच. माळ घातली होती, उतारही पडला होता. पर तुझ्या आईनं हळदीची फोडणी दिलेली आमटी घातली त्याला, पथ्य मोडलं, अन् कावीळ मस्तकात चढली."

घडघडा बोलले. एकोणीस वर्षं बोलून बोलून गुळगुळीत झालेलं, कुठं अडकलंच नाही.

सृष्टीनं विचारलं, "आईनं?"

"व्हय."

तिनं लिहून घेतलं. 'शेवटपर्यंत पिवळे.' मला अक्षर उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. ते डॉक्टरकडं जाणार आहे.

नीलव्वा उठली. पदर झटकला, चप्पल घातली, अन् दारातनं म्हणली, "सिताबाई, आमच्या मालकाची जीप दाराशी उभी होती, तेवढंबी सांगा की पोरीला." अन् गेली. सृष्टीनं विचारलं, "कसली जीप?" मी म्हणलं, "तिला काय, तोंडाला येईल ते बोलती." मॅडमनी नळ्या धुतल्या. मी चहाचं विचारलं. सृष्टी म्हणाली, "नको, तुम्ही बसा."

परत तुम्ही.

आता जीप. तुला सांगायची गरज नाही, तुला पाठ असंल. पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याजवळ असावं म्हणून लिहिते. उद्या मी नसले अन् सृष्टीनं विचारलं, तर कागद दाखव.

त्या आठवड्यात गावातल्या लेकरांना ताप येत होता, गाल लाल होत होते, चार दिवसात खेळायला लागत होती. रामहरीलाही ताप आला, अन् कावीळ तर त्याला लहानपणापासनं होतीच. म्या माळ घातली. डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत गळ्यात, छातीवर, कमरेवर, अन् पायावरनं खाली गळून पडली की कावीळ उतरली. तोवर हळद नाही, तेल नाही, अन् गावची शीव ओलांडायची नाही. माझ्या सासूनं मला शिकवलं होतं. लग्न होऊन आले तवा मलाच कावीळ होती, तिनं माझ्यावर घातली अन् मी बरी झाले. मग रामहरीवर म्या सात वेळा घातली, सातही वेळा तो बरा झाला. त्याच्यावरच माझं नाव झालं. नळदुर्गहून, तेरखेड्याहून माणसं यायची. लोक म्हणायचे, सिताबाईच्या हाताला गुण आहे. तो गुण नव्हता, बाई. आमची कावीळ आपोआप कमीजास्त व्हायची. मीच त्याला ती दिली, अन् मीच उतरवते म्हणून मिरवत राहिले.

सहाव्या दिवशी त्याचे डोळे निवळले. म्या त्याला उन्हात बसवून पापण्या वर करून बघितलं, पांढरेशुभ्र. मी आनंदानं वाटीभर साखर आळीत वाटली. तू पाठीमागं उभी होतीस, सृष्टी कडेवर. तू म्हणालीस, "आत्याबाई, डोळेच नाही, ह्यांचे ओठ पांढरे पडलेत. नखं बघा. न्हाणीपर्यंत गेले तरी धापा टाकतात." मी म्हणलं, "अशक्तपणा हाय, उतार पडल्यावर येतो."

आठव्या दिवशी तू गुरुलिंगची जीप बोलावलीस. मला न विचारता. सोलापूरला न्यायचं म्हणून. जीप दारात चालू ठेवून उभी, त्याचं एक पाऊल पायरीवर, एक हात तुझ्या खांद्यावर. माळ त्याच्या गुडघ्याशी आलेली. अन् मी आडवी झाले. म्हणलं, माळ पायातनं निघाल्याबिगर शीव ओलांडली तर उलटून वर चढंल. तू पाया पडलीस माझ्या. आठवतं ना? मला आठवतं. तुझं कपाळ माझ्या पायाला लागलं ते गरम होतं. गुरुलिंग म्हणाला, "मावशी, तासाभराची तर वाट हाय." मी म्हणलं, "तू गाडी काढ बाबा."

अन् रामहरी म्हणाला, "आई म्हणती तर राहू दे वृषाली. दोन दिसाचा तर सवाल हाय."

त्याला दोन दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. कापसासारखा पांढरा. माळ घोट्याशी होती.

दहाव्याला नळदुर्गची एक बाई आली, तिच्या लेकीवर माझी माळ चालू होती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "सिताबाई, तुमच्याच घरात असं कसं झालं?" सगळी माझ्याकडं बघायला लागली. अन् माझ्या तोंडातनं निघालं, "सुनेनं हळदीची फोडणी दिली." बस, एवढंच. ठरवून नाही बोलले, पण बोलल्यावर परतही घेतलं नाही. तू कोपऱ्यात लेकराला पाजत होतीस. मान वर केलीस अन् माझ्याकडं बघितलंस. तू त्या आठ दिवसांत स्वतःच्या वाटीत सुद्धा हळद घेतली नव्हतीस. मला ठाऊक होतं. डबा माझ्या ताब्यात होता.

तुझा बाप तुला घेऊन गेला. त्यानंतर महिना झाला असंल. इटकळचा एक माणूस माळ सांगून गेला अन् आलाच नाही. केलेली माळ म्या दाराच्या खुंटीला अडकवली अन् विसरून गेले. नवव्या दिवशी झाडताना बघते तर माळ भुईला टेकलेली. मी तिथंच खाली बसले. खुंटीला कुठली कावीळ झाली होती? मुळीचे ओले तुकडे दोऱ्याच्या गाठीत बांधतात, ते वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ वाढते. माणसावर वाढते तशीच खुंटीवर वाढते. एवढं म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. अन् तरी दुसऱ्या आठवड्यात आणखी एकावर घातली. अन् घालतच राहिले. कारण थांबले असते तर लोकांनी विचारलं असतं, का थांबलीस? अन् त्याला उत्तर एकच होतं. ज्यांची आपोआप उतरायची त्यांची उतरली. ज्यांची नाही उतरली ती परत माझ्या दारात सांगायला आली नाहीत. ती कुठं गेली मला ठाऊक नाही, अन् म्या कधी विचारलं नाही.

आज सकाळी एक माणूस आठ-नऊ वर्षांची लेक घेऊन आला. पिवळी जर्द. मी म्हणलं, मी आता माळ घालत नाही, सरकारी दवाखान्यात ने. त्याला वाटलं, काही चुकलं त्याचं, मान राखला नाही म्हणून रागावले. नारळ पुढं करून दोन घंटे उन्हात बसला. "आक्का, लई लांबनं आलोय, पदरात घ्या." मला एकच वाक्य बोलायचं होतं त्याला, की बाबा, माळेनं कावीळ उतरत नसते. ते काही जिभेवर आलं नाही. गेला उठून. दवाखान्यात गेला असंल का दुसऱ्या माळवालीकडं? बहुतेक दुसरीकडं. म्हणजे मी थांबूनही उपयोग नाही. एवढ्या वर्षांनी थांबलेल्याचा कुणालाच उपयोग होत नाही, असं दिसतं.

तुझा फोन नंबर सृष्टीनं ठेवलेल्या कागदावर आहे. दोनदा बिभीषणचा फोन हातात घेतला. पण तुझा आवाज ऐकला असता तर म्या पाऊसपाणी विचारून ठेवून दिला असता. मी कशी आहे ते मला माहीत आहे. सृष्टीलाही समोर सांगण्याचा भरवसा नाही. काल सांगायचीच तर वेळ होती. अन् काल काय सांगितलं ते वर लिहिलंय.

म्हणून तू कर. त्या वहीतलं 'शेवटपर्यंत पिवळे' खोडून टाक. डॉक्टरला सांग, तापाच्या सहाव्या दिवशी पिवळं ओसरलं, नवव्या दिवशी गेला, पांढरा होऊन. सृष्टीला कधी ताप आला तर डोळे बघत बसू नको, ओठ अन् नखं बघ. तुला हे सांगायला मी कोण? तूच तर मला सांगितलं होतंस. अन् तिला सांग, तिच्या बापाला तिच्या आईनं नाही मारलं. कुणी, ते तिला कळंल.

ती तुझ्याशी भांडली असंल काल घरी जाऊन. भांडली नसंल तर गप्प असंल, ते जास्त वाईट. रामहरीसुद्धा गप्पच बसायचा.

मला माफी नको. मागितली तर तू देशील, अशी तू आहेस, अन् मग मी ती घेऊन आळीत सांगत फिरेन, अशी मी आहे. उत्तरही पाठवू नको. रात्री निजताना एक मनात येतं, ते सांगून संपवते. माझ्या अंगात लाखांनी पेशी, सगळ्यांच्या जाळ्या कच्च्या, सगळ्या पाण्यात घातल्या की फुटतात. अन् तरी मी त्र्याहत्तर वर्षांची झाले. माझ्या वाटणीचं पाणी सगळं त्यालाच लागलं.

शिवानंद पोस्टमन म्हणतो, आज टाकलं तर शनिवारपर्यंत लातूरला पोचतं. त्याच्याच हातात देते, म्हणजे मला परत उघडून फाडता येणार नाही.

तुझ्या नवऱ्याला जीपमध्ये बसू न देणारी,
सिताबाई

ता. क. बिभीषणच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्यायचं आहे म्हणून त्या परत येणार आहेत, रविवारी, सकाळच्या पहिल्या गाडीनं. आल्या तवा सृष्टीच म्हणाली होती, रविवारी येते. जाताना मात्र फक्त मॅडम म्हणाल्या.